सुभेदारांच्या वाघिणी

कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की आमच्या गच्चीवर काजळी पडायला लागते. कुठंतरी पाचट पेटवलेलं असतं, बॉयलर धडधडत असतात, आणि सकाळी वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीवर दुपारपर्यंत काळ्या, हलक्या, बोटभर लांबीच्या सळ्या येऊन बसतात. फुंकल्या तर उडतात, झटकल्या तर फराटा उठतो. इतकी वर्षं सांगलीत राहून मला एवढं कळलंय, की दिवाळी ते शिवरात्र चादरी घरात वाळवायच्या. यंदाही परवा पहिली काजळी आली आणि मी धावत वर गेले. चादरी आतच होत्या. कठड्यावर दोन वाघिणी उन्हाला ठेवल्या होत्या, त्या उचलायच्या होत्या.

वाघीण म्हणजे मालगाडीचा डबा. हल्ली हा शब्द फारसा कुणी वापरत नाही. शेजारी नवीन राहायला आलेल्या बाईंनी मला एकदा जिन्यात थांबवून हळूच विचारलं होतं, "तुमच्या घरी अकरा वाघिणी आहेत असं तुमचे मिस्टर म्हणाले, ते काय?" मी त्यांना वर आणून दाखवल्या. प्रत्येक साडेबारा सेंटिमीटर लांब, खऱ्या डब्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याची. प्लास्टिकचे पातळ पत्रे कापून, घासून, चिकटवून केलेली. बाई हसल्या, पण एक हातात घेतल्यावर ती डोळ्यांजवळ नेऊन बघायला लागल्या. दाराच्या कड्या, शिडीच्या पायऱ्या, ब्रेकची चाकं, सगळं जागच्या जागी. मग त्यांनी विचारलं, "ही गंजलेली का ठेवलीय?" तो गंज मीच रंगानं केलेला आहे, हे सांगितल्यावर त्यांना जास्तच नवल वाटलं.

माझे यजमान लष्करातून सुभेदार होऊन निवृत्त झाले. घरात मीही त्यांना सुभेदारच म्हणते. मूळचे कोरेगावजवळच्या गावचे. भाऊ तिकडं ऊस करतो. नोकरीत रणगाडे आणि ट्रक रेल्वेच्या सपाट वाघिणींवर चढवायचे, साखळ्यांनी आवळायचे आणि त्यांच्याबरोबर देशाच्या दुसऱ्या टोकाला जायचं, हे त्यांचं बऱ्याच वर्षांचं काम होतं. पाच-सहा दिवस मालगाडीबरोबर. कुठल्यातरी साइडिंगला गाडी पडून राहिली की शेजारच्या डब्यांवरचे आकडे वाचत बसायचं. रेल्वेचं वेड असलेल्या माणसांना सहसा इंजिनं आवडतात. यांचं म्हणणं, "इंजिन काय, आज एक लागतं, उद्या दुसरं. वझं कोन वागवतं? वाघीण."

मी दातांच्या कवळ्या आणि कॅप बनवते. आधी एका लॅबमध्ये होते, आता घरीच टेबल मांडलंय. त्यामुळे आमची कामाची वाटणी आपोआप झाली. डबा उभा करायचा आणि त्यावर आकडे लिहायचे त्यांनी. जुना करायचा मी. नव्या कवळीत मी दात कधी पांढरेशुभ्र बसवत नाही, मुळाशी किंचित पिवळट छटा ठेवते, नाहीतर माणूस हसला की खोटं दिसतं. वाघिणीचंही तसंच. सिमेंटच्या डब्याला दारापाशी प्लास्टरची भुकटी बोटानं फासायची, कोळशाच्या डब्याला आतून काव आणि काळा रंग मिसळून लावायचा, चाकांच्या मध्ये तेलकट दिसण्यासाठी बुटाचं पॉलिश. एकदा ओल्या व्हार्निशवर गच्चीतली काजळी येऊन चिकटली, तर सुभेदार भडकले. मी म्हटलं, "कोळशाची आहे ना? राहू द्या." ती वाघीण आज सगळ्यांत खरी दिसते.

मी सांगतेय तो हंगाम चार वर्षांपूर्वीचा. लेकीचं लग्न होऊन तिची खोली रिकामी झाली होती आणि सुभेदारांनी ठरवलं होतं, की आता डबे कपाटात ठेवायचे नाहीत, धावते करायचे. खोलीभर फळ्या टाकून त्यावर रेल्वेचा मार्ग मांडायचा. डोंगर, पूल, बोगदा, सगळ्यासकट. त्यांना आधी लोणंदपासून मिरजेपर्यंत सगळाच मार्ग करायचा होता. मी कागदावर गणित मांडून दाखवलं. या मापात एक किलोमीटर म्हणजे साडेअकरा मीटर. त्या हिशेबानं आमची गाडी घरातून निघून कृष्णा ओलांडून पार पलीकडं गेली असती.

"मंग एकच तुकडा घेऊ," ते म्हणाले. "पन चढाचा."

सालपे ते आदर्की हा घाटाचा भाग त्यांनी निवडला. खाकी कागदाचं भेंडोळं आणलं, जमिनीवर पसरलं आणि गुडघ्यांवर बसून आखायला लागले. गाडी कुठून दिसेनाशी व्हावी, कुठून पुन्हा यावी, वळण किती रुंद धरावं, म्हणजे वाघिणी रुळावरून उतरणार नाहीत. बाहेर रस्त्यानं दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर जात, खिडकीच्या काचा थरथरत. मोळीतून पडलेले उसाचे तुरे मी रस्त्यावरून उचलून आणायची. वाळवून, कापून, रंगवून त्यांचं डोंगरावरचं गवत करायचं होतं. आम्ही दोघं त्या दिवसांत फार आनंदात होतो. हे मला नंतर कळलं.

मार्गशीर्षात कधीतरी एका वाघिणीवरचा क्रमांक मला खटकला. खऱ्या डब्यावर अकरा आकड्यांचा क्रमांक असतो. सुभेदार तो बारीक ब्रशनं हातानं लिहीत आणि आजवर त्यांचा आकडा कधी हलला नव्हता. या डब्यावर पहिले पाच-सहा आकडे ठीक होते, पुढचे उताराला लागल्यासारखे लहान होत गेले होते. माझ्या टेबलावर दात मोजायचं व्हर्नियर असतं. मी मापलं. पहिला आकडा दोन मिलिमीटर, शेवटचा एकाहून थोडा जास्त.

"शेवटचे आकडे बारीक आलेत का हो?" मी विचारलं.

"जागा कमी पडती," ते म्हणाले.

जागा पुरेशी होती. पुढच्या डब्यावरही तेच झालं. त्याच्या पुढच्यावरही. मी काहीतरी बोलायला हवं होतं. त्याऐवजी मी जे केलं ते अगदी सोपं होतं. सुभेदार सकाळी तासभर फिरायला जात. ते जिना उतरले की मी स्पिरिटमध्ये काडी बुडवायची, शेवटचे चार-पाच आकडे पुसायचे आणि त्यांच्या वळणानं पुन्हा लिहून ठेवायचे. दुसऱ्याच्या दाताची नक्कल करण्यात माझं आयुष्य गेलंय. आकड्यांची नक्कल त्यापेक्षा सोपी. ते परत येईपर्यंत रंग वाळलेला असायचा. ते चहा घेत, वाघीण उजेडात धरून बघत आणि खाली ठेवत. मला वाटायचं, त्यांचं मन राखलं.

असे पाच डबे झाले.

संक्रांतीनंतर आम्ही घाट बघायला गेलो. सुभेदारांच्या थोरल्या बहिणीचे, अक्कांचे, यजमान वाठारला राहतात. आम्ही दोघंही त्यांना दाजी म्हणतो. तीस वर्षं ते रेल्वेत गँगमन होते, हातोडा आणि पाना घेऊन तोच घाट रोज पायी तुडवलेला. त्यांना बरोबर घेऊन आम्ही रुळांपासून लांब, वरच्या अंगाला एका माळावर जाऊन बसलो. खाली मार्ग वळून डोंगरात शिरत होता. सुभेदारांनी खाकी कागद उलगडून त्यावर चार दगड ठेवले. दाजींनी तो बराच वेळ निरखला.

"पाव्हणं, डोंगराच्या अंगाला गटार कुठाय तुमचं?"

"आवं दाजी, खोलीत हाय ती. खोलीत पानी कुठनं येतंय?"

"असं कसं? गटार न्हाई तर पानी रुळाखाली शिरतंय. एका पावसात मार्ग खचंल तुमचा." दाजी अगदी गंभीर होते. "आनि वळनावर भाइरचा रूळ उचलून घ्या जरा. न्हाईतर गाडी खरी वाटायची न्हाई."

सुभेदारांनी मान डोलावली आणि डायरी काढली. नेमकी तेव्हाच खालून मालगाडी चढायला लागली. आधी आवाज आला, मग ती वळणातून एक-एक डबा बाहेर काढत आली. मी मोठ्यानं सांगू लागले आणि ते टिपून घ्यायला लागले. तिसऱ्या डब्याचं दार खालून चेपलंय. सातव्यावर पांढऱ्या रंगाचा नवा चौकोन, जुनाच मजकूर पुन्हा लिहिलाय. गंज वरून खाली ओघळलाय, कड्यांच्या खाली जास्त. गाडी मोठी होती. शेवटचा डबा डोंगराआड गेला आणि दाजी सुभेदारांच्या खांद्यावरून डायरीत डोकावले.

"ह्ये काय लिवलंय? मुंग्या चालल्यात व्हय?"

मीही वाकले. पानाच्या वरच्या ओळीत त्यांचं नेहमीचं ठसठशीत अक्षर होतं. दुसऱ्या ओळीत ते आखडलं होतं. चौथ्या ओळीत काय लिहिलंय ते वाचायला माझी दातांच्या कामाची भिंगं लागली असती.

सुभेदारांनी डायरी लांब धरून बघितली. मग ते माझ्याकडं वळून हसले.

"खडकावर बसून लिवलं की असं हुतं. मला बी मदी शंका आलीवती, मंदा. तुला बोललो न्हाई. हात जड हुतो, शर्टाचं बटन लागत न्हाई लवकर. म्हटलं दाखवावं कुनाला तरी. पन सकाळी डब्यावरचं आकडं बघतो, तर एकदम बराबर. मंग म्हटलं, हाताला काय बी झालेलं न्हाई."



"ते आकडे माझे आहेत," मी म्हटलं.

"काय?"

"शेवटचे. तुम्ही फिरायला गेलात की मी पुसून पुन्हा लिहायची."

दाजी उठले आणि लांब जाऊन उभे राहिले. सुभेदारांनी डायरी मिटली. तिला बांधायचं रबर दोनदा हातातून सुटलं. तिसऱ्यांदा बसलं.

"किती डबं?"

"पाच."

"पयला कवा?"

मी सांगितलं. त्यांनी मनातल्या मनात दिवस मोजले असणार. दाजींच्या घरी जेवलो, अक्कांनी दिलेला गूळ घेतला, दुपारच्या गाडीत बसलो. कोरेगाव गेलं. एरवी कोरेगावला ते खिडकीतून आपल्या गावाच्या दिशेनं एकदा तरी बघतात. कऱ्हाड गेलं. उभ्या उसाच्या फडांमधून गाडी पळत होती, मध्येच तोडलेलं रान, मध्येच ऊसतोड्यांच्या कोप्या आणि बैलगाड्या. ताकारीच्या आसपास ते बोलले. आवाज अजिबात चढला नव्हता.

"खोटा रिपोर्ट दिल्यावर काय हुतं म्हाईत हाय का आमच्यात?"

"काय होतं?"

"मानसं मरत्यात."

मी त्यांना दुखवायचं टाळलं होतं असं मी स्वतःला सांगत होते. खरं तर मला माझी भीती टाळायची होती. माझ्या वडिलांच्या शेवटच्या वर्षांत त्यांचा हात कसा थरथरायचा, अक्षर कसं बारीक होत जायचं, ते मी बघितलं होतं. त्या बारीक आकड्यांमध्ये मी ते पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. स्पिरिटच्या काडीनं मी तेच पुसत होते.

दोन दिवसांनी मिरजेला मेंदूच्या डॉक्टरांकडं गेलो. डॉक्टर बाई तरुण होत्या, शांत होत्या. त्यांनी सुभेदारांना चालायला लावलं, बोटं आपटायला लावली, कागदावर गोल-गोल चकली काढायला सांगितली. मी पिशवीतून एक वाघीण काढून टेबलावर ठेवली. बारीक आकडे आलेल्या पहिल्या दोन डब्यांवर मी हात फिरवला नव्हता, त्यांतली एक. बाईंनी ती उचलली, आकड्यांवरून नजर फिरवली आणि म्हणाल्या, "ह्यानं माझं काम सोपं केलं." पार्किन्सन. सुरुवात आहे. गोळ्या आहेत, व्यायाम आहे. बरा होत नाही, पण सांभाळता येतो.

"चाळीस दिवस उशीर झाला," सुभेदार म्हणाले. का झाला, ते त्यांनी सांगितलं नाही.

"तेवढ्यानं फार फरक पडत नाही, काका."

मला वाटलं होतं हे ऐकून माझी छाती हलकी होईल. रिक्षात बसल्यावर सुभेदार समोर बघत म्हणाले, "तरी बी." मला ते पटलं.

त्यानंतर खोलीचं दार बंद झालं. भांडण नव्हतं. चहा वेळेवर, गोळ्या वेळेवर, बोलणं कामापुरतं. खाकी कागदाचं भेंडोळं कपाटाच्या वर गेलं. मी कवळ्यांची कामं उरकत राहिले. हंगाम उतरणीला लागला होता, रस्त्यावरचे ट्रॅक्टर विरळ झाले होते. मी एकदा त्या खोलीत झाडायला गेले, तर अर्ध्या कापलेल्या तुऱ्यांना उंदरांनी पसरून ठेवलं होतं. ते गोळा करताना मला रडू आलं, आणि उंदरांमुळे आलं असं मी त्यांना सांगितलं. पुन्हा खोटा रिपोर्ट. या वेळी त्यांनी ओळखलं. म्हणाले, "उंदरांपायी कोन रडतं?" पंधरा दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर हसू आलं.

व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीनं त्यांना दुरेघी वही आणायला सांगितली. पहिलीतली मुलं जिच्यात अक्षर गिरवतात ती. दोन रेघांच्या मध्ये अक्षर भरायचं, वरच्या रेघेला टेकवायचं, खालच्या रेघेला टेकवायचं. मोठं लिहायचं, हळू लिहायचं. साठीपार सुभेदार रोज सकाळी मांडी घालून ती वही भरायला लागले. काय लिहायचं, तर स्टेशनं. लोणंद, सालपे, आदर्की, वाठार, मग कोरेगाव, रहिमतपूर, असं करत सांगली-मिरज. मिरजेला पोचले की पुन्हा लोणंद. रेघा असल्या की त्यांचं अक्षर आखडत नव्हतं. रेघा नसलेल्या कागदावर मात्र चार शब्दांत मुंग्या.

फाल्गुनात एका दुपारी त्यांनी नवी, कोरी, फक्त लाल-तपकिरी रंग दिलेली वाघीण माझ्या टेबलावर आणून ठेवली.

"तुझ्या त्या मेण कोरायच्या सुरीनं दोन रेघा मार हितं. दोन मिलिमीटर अंतर."

मी व्हर्नियर लावलं आणि रंगावर दोन बारीक ओरखडे काढले, डोळ्यांना जेमतेम दिसतील असे. त्यांनी ब्रश घेतला. गोळी घेऊन तास झाला होता, हात त्यातल्या त्यात मोकळा होता. एक आकडा झाला की ब्रश खाली ठेवत, मूठ उघडमीट करत, पुन्हा उचलत. अकरा आकड्यांना दीड तास लागला. दहा आकडे दोन्ही रेघांना टेकले. अकराव्याला ब्रश घसरला आणि नऊची शेपटी खालच्या रेघेच्या बाहेर गेली.

स्पिरिटची बाटली माझ्या कोपराशी होती. माझा हात कधी हलला ते मला कळलं नाही, त्यांना कळलं.

"हात काढ."

मी काढला.

"ऱ्हाऊ दे तसंच," ते म्हणाले. "माझा हाय त्यो."

पुढच्या हंगामापर्यंत फळ्या उभ्या राहिल्या. सुताराकडून सांगाडा करून घेतला. रूळ मी ठोकले, तारा त्यांनी जोडल्या, डोंगर दोघांनी मिळून केला. डोंगराच्या अंगाला गटारही केलं. दाजी बघायला आले, कमरेत वाकून गटाराला बोट लावून गेले. पहिल्या दिवशी अकरा वाघिणी इंजिनामागं लावून सुभेदारांनी बटण फिरवलं आणि गाडी चढ चढून बोगद्यात शिरली. मधली एक वाघीण रुळावरून घसरली. वळण आम्ही जरा जास्तच आवळलं होतं. ते सरळ करायला दीड महिना गेला.

आता दिवसात गोळी लागू पडते ते दोन-तीन तास त्यांचे. त्या वेळात ते आकडे लिहितात, दिव्याच्या तारा जोडतात, माझ्या गंजाला नावं ठेवतात. उरलेल्या वेळात सांगतात आणि मी करते. कधी उलटं होतं, मी सांगते आणि ते ऐकत नाहीत. गेल्या पावसाळ्यापासून डावा हातही धरायला लागलाय. डॉक्टरांनी गोळी वाढवली. पुढं किती आणि कसं, ते आम्ही विचारलं नाही, त्यांनीही आपणहून सांगितलं नाही.

परवा त्या दोन वाघिणी घेऊन मी गच्चीवरून खाली आले, तर दिवाणखान्यात जमिनीवर नवा खाकी कागद पसरलेला. सुभेदार पट्टीनं रेघा मारत होते.

"हे काय आता?"

"वाठार."

"खोलीत जागा कुठंय?"

"खोलीत न्हाई. भिंतीला भोक पाडायचं, गाडी हिकडं घ्यायची. ह्या भिंतीच्या कडंनं स्टेशन, तीन लाइनी, मालधक्का."

मी भिंतीकडं पाहिलं. "हे व्हायला किती दिवस लागतील?"

"तीन वर्सं तर धर. घाई करून कसं चाललं?"

त्यांनी ते अगदी सहज म्हटलं आणि पुढची रेघ ओढली. भिंतीच्या कडेला माझ्या माहेरहून आलेला सागवानी दिवाण आहे. वडिलांनी माझ्या लग्नात दिलेला. त्याच्यावर लेक रांगली, पाहुणे झोपले, दुपारी पेपर वाचता-वाचता मीच कितीदा डुलक्या घेतल्या.

"आणि दिवाण कुठं जाईल?"

सुभेदारांनी मान वर केली. दिवाणाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. त्यांच्या ते आधी लक्षात आलं नव्हतं, हे स्पष्ट दिसत होतं.

"आसंल तर वाठार न्हाई करत," ते म्हणाले. "आदर्कीलाच थांबवू गाडी."

काल मी भाच्याला फोन केला. सोमवारी टेंपो घेऊन ये, म्हटलं, दिवाण घेऊन जा. मग व्हर्नियर बाजूला ठेवलं, शिलाईच्या डब्यातला मोठा टेप काढला आणि भिंत मोजायला बसले.